ऐन दुपारी, सोहार बंदर

काउंटरच्या वर पाटी एकच :
इंग्रजीत टॅरिफ, खाली अरबीत तारिफा.
सहा वर्षं तिच्याखाली उभा राहून कांद्याचे कंटेनर सोडवले,
वाटायचं, खालचं हे वरच्याचं भाषांतर.

खमीस हसला. उलटं आहे, म्हणाला.
खालची पणजी, वरचा पणतू.
चलनाच्या पाठीवर त्यानं बाण काढले, उजवीकडून डावीकडे :
अरबांकडून तुर्कांकडे, मग इटलीची गलबतं,
फ्रान्स, लंडन,
आणि शेवटी एक्सेलमधून परत इथं, एसीत.

मुळात काय होतं?
तीन अक्षरं. ऐन, रे, फे.
ओळखणं.
काय आणलंय, किती, कुणाचं, ते आधी कळवणं.
पैसे नंतरचे.

ऐन त्याच्या घशातून आला
रहाटावर ओला दोर घासावा तसा.
मला जमेना. लाजू नकोस, म्हणाला,
कुणालाच जमला नाही,
प्रत्येक बंदरावर तेवढा माल कमी भरला
आणि कुणी तक्रार केली नाही.

मग मीही माझं गाठोडं सोडलं.
तारीफ आहे आमच्याकडे. तिच्यावर जकात नाही.
जकात? तो दचकला. दानधर्माला नाक्यावर बसवलंत?
उर्फ आहे. मार्फत आहे.
सगळी एकाच घरातली, तो म्हणाला,
आणि चहा निवत ठेवून बराच वेळ गप्प.

वेंगुर्ल्याहून आई अजून पाकिटावर लिहिते :
मनोहर विश्राम केळुसकर, मार्फत हमूद ट्रेडिंग,
पोस्ट बॉक्स अमुक.
म्हणजे, जो ओळखतो त्याच्या हाती.
हमूदनं मला एकदाच पाहिलंय. पाठमोरं.
गेटवर मी केळुसकर उर्फ बसल.
बसल म्हणजे कांदा.

चल, ऐन दुपार झाली, मी म्हटलं,
आणि त्यानं मान वर केली : काय म्हणालास?
अक्षर वाटेत कुठं बुडालं ते बुडालं,
नाव मात्र आमच्या दुपारीला चिकटून पोचलं होतं.

यार्डाच्या दाराशी नवा शिपाई. हा कोण?
खमीसनं मागे न बघता सांगितलं,
आरफा.
ओळखतो मी याला.
त्यातला ऐन मला स्वच्छ ऐकू आला.

बाराशे गोणी होत्या. मोजताना एक कमी भरली.
मी तसंच लिहिलं.