दार उघडू नको

बरगड्या दीड किलो.
मागच्या अंगाला एक पातळ पापुद्रा असतो,
तो सुरीच्या टोकानं उचलायचा, फडक्यात धरायचा
आणि ओढायचा.
एका दमात निघाला तर हात बसलेला.
माझा तीनदा तुटला.

अम्मा ओट्याशी स्टूल टाकून बसलेली.
"सोलायलास का शिवायलास रे?"
तिचं लसूण सोलणं अजून गिट्टी फोडल्यासारखं,
एक ठोका, एक पाकळी मोकळी.
चिंचेचा कोळ, गूळ, काळा मसाला,
मीठ तिच्या मुठीनं,
मापाच्या चमच्यावर तिचा विश्वास नाही.

चांदीच्या कागदात गुंडाळून आत. दीडशेवर. तीन तास.
बाहेर मे महिना, त्रेचाळीस.
नागेश म्हणाला, उगं वीज जाळायलास दादा,
गच्चीत ठेव, सोलापूर फुकट शिजवतंय की.

नागेश पोकलेन चालवतो.
अय्यानं वर्षभर घणानं जे फोडलं असतं
ते हा जेवायच्या आत फोडतो, एसीत बसून,
आणि कंबर दुखते म्हणतो.
दुखतही असेल.

अय्याच्या वेळी जत्रेला एक डुक्कर पाच पालांत वाटायचे.
तीन दगड, बाभळीचं जळण, जर्मनचं पातेलं.
बरगड्या पोरांच्या ताटात.
तो नुसता रस्सा घ्यायचा, भाकरी कुस्करून,
म्हणायचा, मला आता हाडं चावत नाहीत.
दात त्याचे शेवटपर्यंत शाबूत होते.

खाणीवर तो सदरा काढून बसायचा
तेव्हा मी पाढे सोडून त्याच्या फासळ्या मोजायचो.
डावीकडच्या नऊ.
उजवीकडं घण यायचा मध्ये, हिशेब चुकायचा.

पाच चाळीसला लाइट गेली.
काचेमागची तांबडी कांडी काळी पडली.
किती झालंय बघावं म्हणून मी हात घातला,
तर अम्मा ओरडली, "दार उघडू नको!
आतली ऊब आत ऱ्हाऊ दे."
उठली, कपाटातून चादर काढली,
माझ्या लग्नात आहेर आलेली, मोराची,
चौदा वर्षं घडी न मोडलेली,
आणि ओव्हनवर पांघरली
ताप आलेल्या पोरावर टाकतात तशी.

तेवढ्यात दुसरं दार वाजलं.
समोरच्या बिराजदार काकू, मेणबत्ती मागायला.
"वास भारी सुटलाय. काय केलंय?"
या इमारतीत पाच वर्षं मी चिकन म्हणत आलोय.
तोंड उघडलंही होतं.
पण तेजलनं अम्माकडून उचललेला शब्द
आजीच्याच हेलात सांगून टाकला: "पंदी!"

काकूंच्या घरी कानडी.
'प'चा 'ह' केला की झालं,
त्यांना समजायला अर्धा क्षणही लागला नाही.
"बरं," म्हणाल्या.
मेणबत्ती घेतली, ज्योतीला तळहाताचा आडोसा केला
आणि गेल्या.
त्या 'बरं'चं वजन
मी अजून करतोय.

सहा पस्तीसला लाइट आली.
चादर काढली तर मोराची मान
भाकरीच्या पापुद्र्यासारखी तांबूस.
अम्मा म्हणाली, चालतंय, उलटी घालून झोपेन.

मग अजून एक तास. मग कागद सोडवला.
हाड धरून नुसतं ओढलं
तर मांस खाली राहिलं आणि हाड हातात आलं,
स्वच्छ, पांढरं,
जणू कधी कुणाचं नव्हतंच.
नागेशनं आठ खाल्ल्या, कंबरेचं नाव काढलं नाही.

अम्मानं ताट पुढं ओढलं,
कडक भाकरी चुरली, वर ट्रेमधला रस ओतला.
"मला आता हाडं चावत नाहीत," म्हणाली.
तिला खरंच चारच दात आहेत.
मी काही बोललो नाही.
दोन बरगड्या मोकळ्या करून
भाकरीच्या चुऱ्याखाली दडवल्या,
आणि तिनं त्या सापडल्या नाहीत असं दाखवत
सावकाश खाल्ल्या.

चादर गॅलरीत टाकलीय, वास जायला.
समोरच्या गॅलरीत मेणबत्ती अजून जळतेय,
लाइट येऊनसुद्धा.