चढतं माप

नोव्हेंबर. ग्रिम्सबीचा टाउन हॉल.
हीटर खोकतात. ओल्या कोटांना मेंढीचा वास,
आणि प्रत्येक कोटावर कागदाचं लाल फूल,
ज्याची टाचणी कुणाला ना कुणाला टोचलेलीच.

व्यासपीठाच्या अगदी मागे,
जिथून फक्त वादकांच्या पाठी दिसतात,
मोठ्या ढोलाशी विनी ऑल्टॉफ्ट बसली आहे.
वय एकाहत्तर.
या संबंध रचनेत तिच्या वाट्याला एकच ठोका.
त्याआधी एकशे सत्तेचाळीस आवर्तनं गप्प राहायचं,
मोजत.

मोजणं तिला नवं थोडंच.
चौतीस वर्षं ती गोदीवर मासळी तोलायची,
हॅडॉक, कॉड, पहाटे चारला, बर्फानं बोटं बधिर.
काटा थरथरायचा थांबेस्तोवर थांबायचं
आणि मग आकडा ओरडायचा, एकदाच.
घेणारे म्हणत, विनीचं माप चढतं असतं.

महापौरबाई नावं वाचतात.
ट्रॉलरवरची पोरं. मासे धरायचं सोडून
ज्यांना सुरुंग धरायला पाठवलं.
थडगी नाहीत. सगळ्यांचा पत्ता एकच, तोही खारट.
"सिरिल ब्रॉकल्सबी, वय एकोणीस."

आईचा धाकटा भाऊ.
त्याच्यासाठी आईनं घातलेला स्वेटर
दुसऱ्या बाहीशी थांबला.
बारा-तेरा वर्षांनी तो उसवून
त्याच निळ्या लोकरीचे विनीचे हातमोजे झाले,
टोपडं झालं, तरी एक गुंडा उरलाच.
त्याचं काय करायचं, हे घरात कुणी विचारलं नाही.

व्हायोलिनं उठतात. मग गायकवृंद.
विनी ओठ मिटून मोजते.
सतरा. अठरा. एकोणीस.
हा काय पुरता आकडा आहे?
नावातच कबूल करतो,
विसाला एक उणा.

बासऱ्या येऊन जातात. कुणाचा तरी नातू
खुर्चीखाली बूट आपटतो, गप्प होतो.
नव्वद. एकशे दहा.
तिचं बोट मांडीवर सुरकुतीएवढंच हलतं.
एकशे सेहेचाळीस.
एकशे सत्तेचाळीस.

संचालकाची काठी तिच्याकडे वळते: आता.

मोगरी हलत नाही.

गायकांचा शेवटचा स्वर संपतो.
एक अख्खं आवर्तन रिकामं जातं.
काठी हवेत तशीच.
सहाशे माणसं श्वास धरून,
त्यांना वाटतं, हे असंच लिहिलंय.

मग ठोका पडतो.
कानांआधी तो बरगड्यांना कळतो.
खिडकीची एक काच बराच वेळ बोलत राहते.
गॅलरीत एक म्हातारा उभा राहिला आहे,
का ते त्यालाही ठाऊक नसावं,
हातानं नुसती टोपी चाचपतोय.

नंतर चहा. पातळ, कागदी पेल्यांतला.
संचालक हळूच जवळ येतो.
"मोजताना चुकलीस का गं, विनी?"

विनी केकखालचा कागद
नीट चौकोनी घडी घालते, खिशात ठेवते.

"नाही," म्हणते. "एक वर घातलं."