पॅड नंबर तेरा

चुईम गावठाणात, लाकडी जिन्याच्या टोकाला,
आग्नेल मिरांडाने दोन्ही यंत्रं चटईवर मांडली
आणि म्हणाला, एकच विकणार. कोणतं ते तू ठरव.

पहिलं ड्रम मशीन. राखाडी,
टेम्पोचा नॉब घामाने गुळगुळीत झालेला.
त्याने एक बटण दाबलं : धप्प.
हा ढोल कुणी वाजवलेलाच नाही, म्हणाला,
कातडं नाही, शाई नाही, ओढलेली दोरी नाही.
विजेला थरथर सुटते, तिचा हा आवाज.
आणि टाळी, ऐक,
फुटाणे तडतडावेत तशी. हात कुणाचेच नाहीत.

दुसरा सॅम्पलर. पाट्यासारखा जड.
याच्यात काहीच नसतं. घालशील ते.
कुकरची शिट्टी घाल, कडीकोयंडा घाल,
भांडणातला एखादा शब्द घाल,
कापून, उलटा करून, दोन पट्ट्या खाली उतरवून परत देईल.
सगळं हातउसनं. पण हिशोबाला चोख.

मी दोन्हींवर बोटं ठेवून पाहिली.
पहिल्याने लगेच माझा पाय हलवला.
दुसरा गप्प,
आणि मला गप्प बसणाऱ्यांची खोड.
अकरा हजार. सातवं पॅड अडकतं म्हणून पाचशे कमी.

भांडुपला, रात्री, हेडफोन लावून
आधी सगळं पुसायला बसले.
एक रिकामं. दोन रिकामं. बारापर्यंत तेच.
तेराव्यावर घुमट वाजलं.
मडक्याच्या पोटातला वारा, चार मात्रा,
तिसरी किंचित उशिरा,
आणि शेवटी, कापायचा राहून गेलेला
म्हातारा गळा : ‘झालं का रे?’

आग्नेलला फोन लावला.
त्याच्या मागे ड्रम मशीन चालू होतं, एकशेवीसच्या चालीत.
पप्पा, म्हणाला. लग्नांत वाजवायचे.
पुसून टाक.
मग बराच वेळ नुसतं धप्प, धप्प.
मग : ऱ्हाऊ दे.
तू हे दुसरं मागितलं असतंस ना, तर दिलंच नसतं.
याला काही आठवत नाही.

एकदा मी ती तिसरी मात्रा
ओढून बरोबर रेघेवर बसवली.
ठेका सुधारला. माणूस गेला.
परत उशिरा केली.

सातवं पॅड अजून अडकतं.