थांबा

इडवालने एकतीस वर्षं बस चालवली,
आबेरिस्टविथहून डोंगराकडे आणि परत,
आणि निवृत्त झाल्यावर काय घेतलं,
तर त्याहून बुटकी एक बस!
आत पलंग, शेगडी, बेसिन,
आणि खिडक्यांना कुणा परक्या बाईने शिवलेले पिवळे पडदे.
आधी ती एका पाववाल्याची होती.
अजून उन्हात तापली की
मागच्या फळ्यांतून दालचिनीचा वास सुटतो
आणि मॉट उगाचच जिभल्या चाटतो.

मॉट तेरा वर्षांचा.
माझ्या भावाकडे मेंढ्या वळायचा.
आता एका कानाने बहिरा,
दुसऱ्याने सोयीपुरता.
कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे तो तसाच बघतो
जसा इडवाल बघतो
दुसऱ्या कुणी चालवलेल्या बसकडे:
वळण जरा मोठं घेतलं, असं म्हणत.

"उद्या किती वाजता निघायचं?"
पहिल्या रात्री त्याने विचारलं.
म्हटलं, "जाग आली की."
बिचारा रात्रभर जागाच.

मग हे नदीकाठचं शेत.
रात्रीचे तीन पौंड, फाटकावरच्या जॅमच्या डब्यात टाकायचे.
घाई अशी कुणालाच नाही, नदीलासुद्धा;
ती आमच्या खुर्च्यांपाशी येते
आणि दगडांशी काहीतरी बोलत बसते.
मी मोजे विणायला घेतले, उसवले, पुन्हा घेतले.
मॉट पाण्यात पोटापर्यंत उभा,
कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखा.
आणि सात चाळीसला इडवाल, हातात चहा:
"आत्ता शाळेची पोरं चढली असती."
मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षांची सवय म्हणजे काय पायताण आहे,
दारात काढून ठेवायला?

गुरुवारी दूध संपलं म्हणून निघालो.
वळणावर एक थांबा. तिथे एक बाई,
हिरवा कोट, हातात टोपली.
इडवालने इंडिकेटर दिला.
मी म्हणेपर्यंत, "अहो, आपण बस नाही,"
गाडी कडेला, अगदी फूटपाथला चिकटून,
आणि त्याचा हात दाराच्या बटणाकडे.
तिथे माझा बिस्किटांचा डबा होता.

बाई चढल्या.
पडदे पाहिले, शेगडी पाहिली, पलंग पाहिला.
"बरीच सुधारणा केलीत," म्हणाल्या.
गुरुवारची बस गेल्या हिवाळ्यातच बंद झाली,
रीतसर पत्रही आलं होतं त्यांना,
"पण मी आपली येऊन उभी राहते.
घरी उभं राहण्यापेक्षा बरं."
नाव मोर्विद. बहिणीकडे निघाल्या होत्या, चार मैलांवर.
मॉटने आपली गादी सोडली नाही,
पण हनुवटी मात्र त्यांच्या बुटावर ठेवली.
भाडं एवढंच की त्यांनी पाय हलवायचा नाही.

ते चार मैल इडवालने असे चालवले
की माझ्या कपातला चहा हलला नाही.
प्रत्येक थांब्यापाशी वेग कमी केला,
कुणी नव्हतं तरी.
आरशात एकदा बघितलं, मग पुन्हा.
मी खिडकीबाहेर पाहत राहिले;
नवरा सुखात असला की
त्याच्याकडे फार निरखून बघू नये, लाजतो.

उतरताना बाईंनी सहा अंडी दिली.
"सांभाळून," तो म्हणाला,
"पायरी उंच आहे."
आणि त्या शांत रस्त्यावर,
पाठीमागे एकही गाडी नसताना,
त्या घरात जाईपर्यंत थांबून राहिला.

दूध आणायचं राहिलंच.

एक अंडं तडकलेलं निघालं, ते मॉटला.
संध्याकाळी शेतवाली फाटकाशी आली,
डबा खुळखुळवला,
"अजून किती रात्री?"
इडवालने माझ्याकडे पाहिलं,
मी मॉटकडे.
मॉट तोंडाला पिवळं लावून झोपलेला,
पाय हलत होते, स्वप्नातल्या मेंढ्या असतील.

"पुढच्या गुरुवारपर्यंत तरी,"
इडवाल म्हणाला,
आणि खिशात सुट्टे शोधू लागला.