डावा

गारोव कधीच जोडा आणत नाही.
आणतो एकच पायताण,
आणि तेही डाव्या पायाचं.

सारायेव्होच्या या चढावर सगळ्यांचे बूट दाराबाहेर.
आत गालिचा, बाहेर चिखल, मधे एक दगडी पायरी.
पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं,
पण त्या पिढ्यांना आमचा कुत्रा ठाऊक नव्हता.

पहाटेची बांग झाली की निघतो.
सातला परत, तोंडात ल्युबित्साबाईंचा दवाखान्यातला पांढरा बूट,
किंवा हमदियाचा, ज्याच्याविना ट्रॉलीबस डेपोतच अडते.
चावत नाही, फाडत नाही. तीच तर पंचाईत.
फाडला असता तर पैसे मोजून मोकळे झालो असतो.
हा नुसता आणतो, भिंतीपाशी ठेवतो,
टाच भिंतीला, नाक रस्त्याकडे,
आणि दुकान मांडल्यासारखा शेजारी बसतो.

एकदा बांधून ठेवला.
रात्रभर असा रडला
की ज्यांचे बूट जात होते तेच सोडवायला आले.

आई ओल्या फडक्यानं रांग पुसून घेते.
मग माणसं येतात. एका पायात बूट,
दुसऱ्यात बायकोची सपाता,
बर्फावरून तोल सांभाळत, कुत्र्याचा उद्धार करत.
आलाच आहात तर कॉफी घ्या, आई म्हणते.
शिव्या कॉफीत विरघळतात. सगळ्या नाही.

लोक म्हणतात, तो गेलेल्या मालकाला शोधतोय.
ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे.
बाबा होते तेव्हाही चोरायचाच.
बाबा उरलेला उजवा त्याला फेकून मारायचे,
नेम कधी लागला नाही,
मग तो शोधत एका पायावर अंगणभर.
आई खिडकीत हसून हसून खाली बसायची.

जानेवारीत समोरच्या सुलेमानचा बूट आला.
अकरा वर्षं अबोला. कारण एक आलुबुखाऱ्याचं झाड,
ज्याचं खोड आमच्याकडे आणि फळं त्याच्याकडे.
जाड, भेगाळलेला बूट, तळाला टायरचा तुकडा.
आईनं तो सगळ्यांत शेवटी पुसला. सगळ्यांत जास्त वेळ.

तो फाटकाशी आला. आत नाही.
आईनं बूट पुढे केला.
वाकून बांधायला त्याला फार वेळ लागला.
म्हणाला, ही लेस माझी नाही.
तुटली होती, आई म्हणाली.
कॉफीचं तिनं विचारलं नाही.
त्यानं झाडाकडे पाहिलं आणि गेला.

लेस बाबांची होती. तपकिरी, मेण लावलेली.
मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बूट.
पायरीवरून उचलला,
की कुणी पायरीच्या कडेला सरकवून ठेवला होता,
कुत्रं काय सांगणार.

आईनं तीन पेले मांडले.
एक उचलून ठेवला.
परत मांडला.
गारोव भिंतीपाशी पसरला होता, डाव्या कुशीवर,
आणि रस्त्यावरून
एक पाय जड, एक पाय हलका
असं कुणीतरी चढत होतं.