दगड परत ठेवताना

दगड कसा उचलायचा हे मला यल्लाप्पा विटकरनं शिकवलं.
पलीकडची कड आकड्यानं धरायची,
दगड आपल्याकडं कलता करायचा,
म्हणजे आत जे असेल त्याला
पळायला समोरचा माळ मोकळा
आणि मधे दगड, ढालीसारखा.
"पुस्तकात हाय का हे?" त्यानं विचारलं.
नव्हतं.

नान्नजच्या अलीकडं, वैशाखातली अवस.
त्रेचाळीस डिग्री पिऊन बसलेले दगड
रात्री दहालाही तळव्याला ऊन लागत होते.
माझ्याकडं जांभळ्या उजेडाची बॅटरी, त्याच्याकडं आकडा,
वहीत रकाने: वेळ, लांबी, नर की मादी, कशाखाली, शेरा.

बॅटरी लावली की माळ बदलतो.
कुसळं काळी, माती काळी,
आणि मधेच एक जण पेटलेला,
हिरवा म्हणावा तर निळा.
माझ्या बापानं तीस वर्षं रंगाच्या हौदात सूत बुडवलं,
हा रंग त्याला कधी साधला नाही.

दिवसा हाच गुळाच्या खड्याचा, बोटाएवढा.
इंगळी मोठी, काळी, दांडग्या चिमट्यांची,
तिला बघून गल्ली पळते.
याचे चिमटे काडीसारखे.
ज्याचे चिमटे बारीक,
त्याचं सगळं नांगीत.

हा भक्ष्यामागं धावत नाही.
बसून राहतो. पायांवरच्या केसांना
झुरळाचं चालणं लांबून कळतं.
पोटाखाली दोन कंगवे, त्यांनी जमीन चाखतो.
एकदा पोटभर खाल्लं की महिनोन्महिने काही नको.
मेसचे दोन महिने थकवलेला मी,
ही नोंद जरा मोठ्या अक्षरात केली.

तरवडाच्या बुडाशी दोघं सापडले,
चिमट्यात चिमटे, मागं पुढं, मागं पुढं,
मागावरच्या धोट्यासारखे.
"बंद कर की बे बॅटरी," यल्लाप्पा म्हणाला,
"लग्नघरात कोण उजेड मारतं?"
आम्ही अंधारात बिडी संपेपर्यंत बसलो.

मग ती.
फरशीएवढ्या दगडाखाली, पाठीवर पिल्लं घेऊन.
ती पेटलेली होती, पिल्लं नव्हती;
नव्या कातडीत अजून उजेड भरलेला नसतो.
हिरव्या आईवर विझलेले ठिपके.
मी सत्तावीस मोजले. परत मोजले, एकोणतीस.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आपण म्हणतो,
म्हणजे आज इथं, उद्या तिथं.
पण ती कुठंच निघालेली नव्हती.
पहिली कात पडेपर्यंत
ती त्या दगडाखालून फारशी हलणार नव्हती.
मग पिल्लं उतरतात,
आणि वेळेत पांगली नाहीत
तर आईची भूक त्यांना ओळखत नाही.
म्हणीत हे आलेलं नाही.

आकडा तसाच धरून यल्लाप्पा बोलला,
माझ्याशी नाही, दगडाशी बोलावं तसं:
"दुर्गव्वा, माझी थोरली बहीण. नऊ वर्षांची.
कुंभारीच्या खाणीत, पाटीत खडी भरताना.
लई दुखतंय बी म्हणाली नाही.
नुसता घाम, परकर पिळून घ्यावा एवढा.
हातपाय गार.
उतरवणाऱ्यानं मीठ उतरवलं, पाला चोळला.
पहाटं तोंडाला गुलाबी फेस आला.
तवा गोळी नव्हती."

गोळी आता आहे. रक्तदाबाची, साधी,
सिव्हिलच्या कपाटात खालच्या खणात.
हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.
शेऱ्याचा रकाना कोरा होता.

त्यानं दगड खाली घ्यायला सुरुवात केली,
सावकाश, त्याच्याच जुन्या खाचेत.
बोटभर फट उरली तेव्हा थांबला,
वाकून बघितलं.
"पाय बाहेर हाय तिचा."
आम्ही थांबलो.
पाय आत गेला.
मग दगड बसला, मातीची रेघ रेघेला जुळली.

"लिही की," तो म्हणाला. "एकोणतीस."