डबल बेल

गच्ची एकतीस पावलांची.
टाकीला वळसा घातला तर चौतीस.
अडुसष्टाव्या वर्षी हे मोजलं,
समोर यवतेश्वरचा घाट दिसत असताना
आणि खाली पोलिसाची शिट्टी.

पलीकडच्या गच्चीवर मुलाणी,
एसटीतला रिटायर कंडक्टर.
सहेरी उरकून खुर्ची टाकून बसतो,
हातात जुना पंच
(कुणी मागितला नाही, त्यानं दिला नाही).
मी लेस बांधली की कठड्याच्या गजावर
टण् टण्.
सुटली गाडी.

दर फेरीला कागदाला एक भोक.
पन्नासाला ओरडतो, "राजवाडा!"
शंभराला, "समर्थ मंदिर! उतरणारे पुढं या!"
खालच्या निकमबाई आधी चिडल्या.
आता दूध घेताना विचारतात,
काल कुठवर गेलात?

बुटाचा अंगठा फाटला. दुकानं बंद.
हिनं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं,
म्हणाली, बैलाला पत्री मारल्यासारखं वाटतंय.

परवा गुडघा धरला.
मी टाकीला टेकलो.
मुलाणीनं एकदाच वाजवलं, टण्,
आणि वाळत घालायच्या काठीला बांधून
गल्लीवरून खजुराची पुडी पुढं केली.

"इंजिन तापलं?"
"तापलं."
"बसा मग. पॅसेंजर एकच हाय,
त्यालाबी कुठं जायचं न्हाई."

मी खात होतो, तो बघत होता,
त्याचा रोजा मघाशीच सुरू झालेला.
घाटाची वळणं एकेक उजळत होती.

मग त्यानं कागद उजेडात धरला,
भोकं मोजली.
"तिकीट यवतेश्वरचं काढलंय तुम्ही.
अर्ध्यात उतरता येणार न्हाई.
उरलेलं उद्या."